देवधरांच्या विमानाचा उजवा ब्रेक

विमानाला ब्रेक असतात हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी चाळीस वर्षं मी ब्रेकचंच काम करत होतो, आणि या विषयातलं मला सगळं कळतं अशी नानाखेड्याच्या बसस्टँडवरच्या ड्रायव्हरांची समजूत होती. ती समजूत त्यांना मीच करून दिलेली होती.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला की कामाच्या आठवणी लिहा, पण नव्या पिढीला प्रेरणा मिळेल असं काही बघा. मी बसून प्रेरणादायी प्रसंग आठवले. ते सगळे असे: गाडी आली, ब्रेक लागत नव्हता, मग लागायला लागला, गाडी गेली. यातून कुणाला प्रेरणा मिळत असेल तर माझी हरकत नाही, पण पानं भरणार नाहीत. म्हणून ज्यात माझी पुरती शोभा झाली तोच प्रसंग लिहितो. आमचे पूर्वज शिंदेशाहीत दफ्तरात होते, दुसऱ्यांच्या चुका व्यवस्थित लिहून ठेवणं हे त्यांचं काम. घराण्यात स्वतःची चूक लिहिणारा बहुतेक मी पहिलाच.

आधी ब्रेक म्हणजे काय ते सांगतो, कारण गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं, आणि नसतं म्हणूनच ते इतके निवांत असतात. पायाने पेडल दाबलं की एका छोट्या सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल नळीतून चाकापर्यंत जातं, तिथला दुसरा दट्ट्या बाहेर येतो आणि फिरत्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन बाजूंनी पॅड चिकटतात. बस, इतकंच. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकाला पोचतो. हवा मात्र दाबली की लहान होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तुम्ही पाय दाबता, बुडबुडा दबतो, आणि गाडी आपल्या मर्जीने चालत राहते. आणि तेल दट्ट्याच्या कडेने गळू नये म्हणून प्रत्येक दट्ट्यावर रबराची एक रिंग असते. बांगडीसारखी, बोटात मावेल एवढी. या रिंगेबद्दल पुढे बरंच बोलायचं आहे.

दुकान मी बंद केलं होतं. जागा एका मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिली, आणि घरी बसून वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचं काम सुरू केलं होतं. अशात एक दिवस देवधर आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनियर, माधव नगरात घर. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीत बदली होऊन इकडे आले ते इथलेच झाले. एकदा त्यांच्या जुन्या जीपचे ब्रेक मी केले होते, तेवढीच ओळख.

"फडणीस साहेब, पाय दाबला की पेडल पार खाली जातं. ब्रेक लागतच नाही."

"हवा शिरली असेल. गाडी कोणती?"

"विमान," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते विनोद करत नव्हते. वीज मंडळात तीस वर्षं काढलेला माणूस. विनोद लोक त्यांच्यावर करायचे.

त्यांच्या घरी गेलो तर खरंच विमान होतं. हॉलची समोरची भिंत पाडून तिथे दुकानासारखं शटर लावलेलं, आणि सोफा, टीव्ही, शोकेस जिथे असायला हवं तिथे दोन माणसं शेजारी शेजारी बसतील असं चकचकीत ॲल्युमिनियमचं धूड उभं होतं. पुढे इंजिन, त्याला लाकडी पंखा, खाली तीन चाकं. सोफा स्वयंपाकघरात गेला होता. विमानाचे पंख पाहुण्यांच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यामुळे घरात पाहुणे राहू शकत नव्हते, आणि मला वाटतं म्हणूनच देवधर वहिनींनी पंखांना विरोध केला नसावा.

कुमुद वहिनी सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या. सर्जिकल वॉर्डच्या सिस्टर होत्या. बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राहायचा. सहा वर्षं देवधर बाहेरून पत्रे जोडायचे रिबेट, म्हणजे रिव्हेट, ठोकत होते आणि वहिनी आतून लोखंडाचा ठोकळा धरून बसत होत्या. किती हजार रिबेट झाले ते दोघांनाही सांगता येईना.

"लोक रिटायर होऊन चारधाम करतात," वहिनी म्हणाल्या. "आम्ही हे केलं. बसा भाऊजी, चहा टाकते. त्या डब्यावर बसू नका, त्यात शेपूट आहे."

विमानाचे सुटे भाग परदेशातून येतात, सोबत एक जाडजूड पुस्तक येतं, आणि त्यात बघून माणसाने घरी विमान बनवायचं. देवधर त्या पुस्तकाचं रोज सकाळी आंघोळ करून वाचन करत. मी ते हातात घेतलं, चाळलं आणि परत दिलं. इंग्रजी बारीक अक्षरात होतं, आणि तसंही ब्रेक पुस्तकात बघून करायचे दिवस माझे कधीच आले नव्हते.

"पण साहेब, विमानाला ब्रेक कशाला?" मी विचारलं. "वर कुठे लावणार?"

देवधरांनी न हसता समजावलं. हवेत ब्रेकचा उपयोग नाही, पण जमिनीवर आहे, आणि दुहेरी आहे. या विमानाच्या पुढच्या चाकाला स्टिअरिंग नाही. ते सामानाच्या ट्रॉलीच्या चाकासारखं नुसतं गरगर फिरतं. वळायचं असेल तर एका बाजूचा ब्रेक दाबायचा. डावा दाबला की डावं चाक अडतं आणि विमान डावीकडे वळतं. उजव्याचं तसंच. म्हणजे दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक, दोन वेगळी पेडल, तेलाच्या वेगळ्या वाटा. पेडल फक्त डाव्या सीटसमोर. उजव्या सीटवर बसणाऱ्याने देवाचं नाव घ्यायचं.

मला काम एकदम आवडलं. छोटंसं, साफ, हाताखाली येणारं. ट्रकच्या खाली उताणं पडून चेहऱ्यावर चिखल घेण्यापेक्षा कितीतरी बरं. मी म्हटलं, "दोन तासांचं काम आहे."

दोन तासांचं काम तीन दिवस चाललं.

गाडीत हवा काढायची आमची रीत अशी: एकाने वरून पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकापाशी बारीक नट सैल करून तेल आणि बुडबुडे बाहेर सोडायचे, नट बंद, परत पेडल. देवधर आत बसून पेडल मारत, मी खाली नट उघडत होतो. "दाबा. धरा. सोडा." पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हेच. पेडल तसंच स्पंजासारखं. दुसऱ्या दिवशीही तेच. विमानासोबत लाल रंगाचं तेल आलेलं होतं, एकच डबा. त्यातलं बरंचसं वाटीत, थोडं माझ्या बाहीवर आणि उरलेलं वहिनींच्या फरशीवर गेलं. मी अर्थातच सामानाला दोष दिला. परदेशी माल, नळ्या बारीक, सिलिंडर खेळण्यासारखे. आपल्याकडच्या टेम्पोचे सिलिंडर बघा म्हटलं, कसे भरीव असतात.

तिसऱ्या दिवशी वहिनी दारात उभ्या राहून थोडा वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू का? हवा वर जाते की खाली?"

"वर."

"मग तुम्ही तिला दोन दिवस खाली का ढकलताय?"

मी नट सोडून मागे सरकलो.

"ही नळी बघा," त्यांनी बोटाने दाखवलं. "चाकापासून वर चढते, इथे कमानीसारखी वाकते, मग सिलिंडरला जाते. बुडबुडा या कमानीत बसलाय. तुमच्या छोट्या सिलिंडरचा जोर त्याला चाकापर्यंत खाली नेण्याइतका नाही. तुम्ही पाय सोडला की तो वापस वर. सलाईनच्या नळीत हवा राहिली तर आम्ही काय वरून पंप मारत बसतो?"

आत जाऊन त्यांनी मोठी सिरिंज आणली, जिने नाकातल्या नळीतून पेशंटला पातळ अन्न देतात तसली. तिच्यात तेल भरून चाकाजवळच्या नटाला नळी जोडायची आणि खालून वर, हळूहळू तेल चढवायचं. हवा आपोआप वरच्या तेलाच्या टाकीतून निघून जाणार. इतकं सोपं होतं. देवधरांनी पुस्तक उघडलं. त्यातही हेच लिहिलेलं निघालं, चित्रासकट.

आता माझी अवस्था समजून घ्या. चाळीस वर्षांच्या उस्तादाला ब्रेक कसा भरायचा हे एका नर्सने सांगितलं, आणि तेही बरोबर सांगितलं. काहीतरी करून माझी गेलेली इज्जत मला परत मिळवायची होती. संधी लगेच आली. सिरिंज भरायला गेलो तर डब्यात लाल तेल तळाला चार चमचे उरलेलं.

"नवीन मागवावं लागेल," देवधर म्हणाले. "महिना तरी लागेल यायला."

"महिना? कशाला? माझ्या कपाटात ब्रेक ऑइलचे सीलबंद डबे पडलेत. उत्तम कंपनीचं. आपल्याकडच्या बसेस त्याच्यावर चालतात."

"पण यात लिहिलंय की फक्त लाल तेल. दुसरं कुठलंही नाही. ठळक अक्षरात आहे."

"साहेब, रंगाने काय होतं? ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल. हे पुस्तक लिहिणाऱ्याने जन्मात किती ब्रेक भरले असतील? मी किती भरले?"

देवधर पुस्तकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. वहिनी काही बोलल्या नाहीत. एका दिवसात एका माणसाला दोनदा खाली पाहायला लावणं त्यांना बरं वाटलं नसावं. शेवटी देवधर म्हणाले, "तुम्ही म्हणता तर ठीकच असेल." पुस्तक बंद झालं. मी उरलेलं लाल तेल काढून टाकलं आणि माझं तेल सिरिंजने चढवलं. पाच मिनिटांत पेडल दगडासारखं कडक. वहिनींनी मला शाबासकी दिली. मी ती घेतली.

चालवून बघायची जागा देवधरांनी शोधून ठेवली होती. शहराबाहेर त्यांच्या एका ओळखीच्या बिल्डरने कॉलनी पाडलेली. तिच्या नावात 'ग्रीन' आणि 'सिटी' दोन्ही होतं, जागेवर दोन्हीपैकी काही नव्हतं. मोठी कमान होती, अर्धा किलोमीटर सरळ सिमेंटचा रस्ता होता, रस्त्याच्या शेवटी बिनझाडांच्या बगिच्यात कोरडं कारंजं होतं, आणि घर एकही नव्हतं. विमानासाठी याहून चांगली कॉलनी मिळणार नाही. पंख घरीच ठेवले. उडायची परवानगी यायची होती, आणि पंख नसले म्हणजे चुकूनही उडण्याचा प्रश्न नाही, असं देवधर म्हणाले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पंख नसलेलं विमान आगर रोडने निघालं तेव्हा लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते.

तिथला चौकीदार भेरूलाल खाटेवरून उठला, विमानाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाबूजी, ये उड़ेगा?"

"उडेगा," देवधर म्हणाले.

"पर इसके तो..." त्याने दोन्ही हात पसरून दाखवले.

"वो घर पे हैं."

भेरूलालने मान डोलावली आणि खाट रस्त्यापासून आणखी लांब नेली. त्या दिवशी हजर असलेल्यांत सगळ्यात शहाणा माणूस तोच होता.

पहिल्या दिवशी सगळं मस्त झालं. देवधर एकटे बसले, इंजिन सुरू झालं, विमान रस्त्याने गेलं, शेवटी थांबलं, एका ब्रेकवर गर्रकन वळून वापस आलं. दोन, चार, सहा फेऱ्या. ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका आनंद त्यावर उघडा पडला होता. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "फडणीस साहेब, तुम्ही नसता तर..." परत येताना टॉवर चौकात थांबून सगळ्यांनी कचोरी खाल्ली. आठवडाभर मी भेटेल त्याला विमानाचे ब्रेक कसे असतात ते सांगत होतो.

पुढचा बेत तीन आठवड्यांनी होता. या वेळी वहिनी उजव्या सीटवर बसल्या. पट्टा स्वतः आवळला, पदर खोचला. "सहा वर्षं आत बसून ठोकळा धरलाय, आता बसून बघते," म्हणाल्या. मी रस्त्याच्या निम्म्यावर, कडेला उभा होतो. विमान माझ्याकडे येताना दिसलं, पहिल्या दिवसापेक्षा जरा वेगात. माझ्या समोरून गेलं आणि जळल्याचा वास आला. चाळीस वर्षं ओळखीचा वास. चिकटून राहिलेला ब्रेक असा वास मारतो.

मी ओरडलो, पण इंजिनच्या आवाजात काय ऐकू जाणार. विमान उजवीकडे खेचायला लागलं. देवधरांनी सावरायला डावा ब्रेक मारला. विमानाने डावीकडे झोक खाल्ला, मग परत उजवीकडे, रस्ता सोडून त्या बिनझाडांच्या बगिच्यात घुसलं आणि कारंज्याच्या कठड्यावर नाक आपटलं. पुढचं चाक मोडलं. लाकडी पंख्याच्या चिरफळ्या झाल्या. एक तुकडा भेरूलालच्या खाटेच्या जुन्या जागेवर पडला.

मी आणि भेरूलाल धावलो. देवधर हँडल धरून तसेच बसले होते. वहिनींनी उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरला होता. आपटताना त्यांनी तो पुढे टेकला होता.

"मनगट मोडलंय," त्या म्हणाल्या, वॉर्डात दुसऱ्याचं सांगावं तशा आवाजात. "ओढू नका. तुमचा गमछा द्या भेरूलाल. भाऊजी, ते सीटमागचं पुस्तक द्या इकडे, हाताखाली धरायला कडक काहीतरी हवं." त्या जाडजूड पुस्तकाचा टेकू करून मी त्यांचा हात बांधला. "घट्ट नको," त्या म्हणाल्या. "हं. आता यांना उतरवा. हे काही बोलत नाहीयेत."

देवधर त्या दिवशी नाहीच बोलले. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर बसून एवढंच म्हणाले, "माझा पाय राहिला असणार पेडलवर. वय झालं. मला कळलंच नाही पाय कुठे आहे ते."

मी म्हटलं, "बघतो मी, उघडून बघतो."

उजव्या चाकाचा ब्रेक काढून घरी आणला. मागच्या अंगणात टेबलावर उघडला. दट्ट्या बोटाने निघेना, पकडीने ओढून काढावा लागला. त्याच्यावरची रबराची रिंग सुजली होती. सुजून खाचेत मावत नव्हती, नखाने दाबली तर लोण्यासारखी खचायची. दट्ट्या बाहेर जात होता, आत येत नव्हता. पाय उचलला तरी ब्रेक लागलेलाच. डाव्या चाकाचा ब्रेकही मग काढून आणून उघडला. तीच गत, जरा कमी.

मला दुसऱ्या क्षणाला कळलं. कळण्यात माझं काही कौतुक नाही, कारण हाच प्रकार उलट्या बाजूने मी पन्नास वेळा पाहिला होता. एक दूधवाला टेम्पो ड्रायव्हर होता, घट्टियाकडचा. त्याने एकदा ब्रेकच्या टाकीत इंजिनाचं तेल ओतलं. सगळ्या रिंगा फुगून चारही चाकं जाम. त्याला मी दुकानासमोर दहा ड्रायव्हरांसमोर उभा करून झाडला होता. "भिया, तेल-तेल एक होता है क्या? हर रबर का अपना तेल होता है! पढ़ना नहीं आता तो पूछ तो लेता!" तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. बाकीचे हसत होते. मलाही हसू येत होतं. ब्रेकच्या रबराला दुसरं तेल चालत नाही हे मला पक्कं माहीत होतं. फक्त विमानाचं रबर वेगळं असेल आणि त्याच्या बाबतीत 'दुसरं तेल' म्हणजे माझंच असेल, हे मला सुचलं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याला सुचलं होतं. ठळक अक्षरात.

आता इथे मी लगेच उठून माधव नगरात गेलो असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी गेलो नाही. रिंग कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवली आणि दहा दिवस काही बोललो नाही. रोज जात होतो मात्र. वहिनींच्या प्लास्टरची चौकशी करायची, चहा प्यायचा, "तपास चालू आहे" म्हणायचं. सरकारी चौकशी समितीला लाजवेल असा तपास होता तो.

त्या दहा दिवसांत देवधरांचं विमान संपत होतं. पुण्याहून मुलीचा रोज फोन. "बाबा, आईचा हात मोडला, पुढच्या वेळी काय मोडायचंय?" देवधर हो हो म्हणायचे. पाय कुठे आहे ते न कळणाऱ्या माणसाने विमान चालवू नये, हे त्यांना पटलं होतं. जीपची किल्लीही त्यांनी वहिनींच्या कपाटात ठेवून दिली होती. भाजी आणायला पायी जायला लागले. अकराव्या दिवशी गेलो तर हॉलमध्ये एक अनोळखी गृहस्थ इंजिनभोवती फिरत होते, टॉर्च मारून बघत होते. बाहेरगावाहून इंजिन विकत घ्यायला आले होते. देवधर त्यांना प्रत्येक नट दाखवत होते, इतक्या शांतपणे की जणू दुसऱ्याच्या घरातलं सामान आहे.

"साहेब," मी म्हटलं, "जरा आत या."

स्वयंपाकघरात, सोफ्यावर, मी पुडी उघडून दोघांसमोर ठेवली आणि सांगितलं. तेल, रबर, ठळक अक्षर, दूधवाला, दहा दिवस. सगळं. सांगताना मी वहिनींच्या प्लास्टरकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायला जागा नव्हती.

देवधरांनी रिंग उचलली, दोन बोटांत दाबली. मग म्हणाले, "म्हणजे माझा पाय नव्हता?"

"नाही."

"पाय मी उचलला होता?"

"उचलला होता साहेब. ब्रेक सुटला नाही."

"म्हणजे माझा पाय नव्हता," ते वहिनींना म्हणाले. मग उठून बाहेर गेले, आणि त्या गृहस्थांना चहा न देता निरोप दिल्याचा आवाज आला.

राग त्यांना दुसऱ्या दिवशी आला. चांगला आला. चुकीच्या तेलाचा कमी आणि दहा दिवसांचा जास्त. वीज मंडळात तीस वर्षं जे कुणाला बोलले नसतील ते मला बोलले. मी ऐकून घेतलं. माझ्याकडे उभं राहून ऐकायचा तो दूधवाल्याचा नमुना होताच.

वहिनी ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वॉर्डात माझ्या हातून एकदा दुसऱ्याच पेशंटची बाटली लागली होती. माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, राहू द्या, कोण विचारतंय. मी आधी रजिस्टरमध्ये लिहिलं, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. हा क्रम चुकवायचा नसतो, भाऊजी." आणि विमानाची नोंदवही माझ्यासमोर ठेवली. काय केलं, कुणी केलं, काय झालं. मी मराठीत लिहू का विचारलं. देवधर अजून रागावलेले होते, पण म्हणाले, "अधिकाऱ्यांना वाचायचंय. इंग्रजीत लिहा. मी सांगतो." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं आणि खाली सही केली. मुलीला फोन त्यांनी स्वतः केला. ती माझ्याशी अजून बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

पुढचे आठ महिने मी तिथेच होतो. सगळ्या रिंगा नव्या, नळ्या धुऊन सुकवलेल्या, लाल तेल दोन डबे. पुढचं चाक नवीन, पंखा नवीन. आणि ते पुस्तक मी डिक्शनरी घेऊन वाचलं, पहिल्या पानापासून. ब्रेकचा धडा एकूण नऊ पानांचा आहे. वाचायला मला चार सकाळी लागल्या. चाळीस वर्षांत कुठल्याच गाडीची मी नऊ पानं वाचलेली नव्हती. किती गाड्या माझ्या अंदाजावर रस्त्यावर पळाल्या असतील याचा विचार सकाळी सकाळी करू नये.

विमान अजून उडालेलं नाही. परवानगीची फाइल फिरते आहे. ती उडेल तेव्हा विमानही उडेल. पण दिवाळीआधी आम्ही त्याला पुन्हा त्या कॉलनीत नेलं. या वेळी उजव्या सीटवर वहिनींनी मला बसवलं. "तुम्ही भरलेत ना ब्रेक? मग बसा," म्हणाल्या. मी पट्टा आवळला. समोर पेडल नाही, धरायला काही नाही. देवधरांनी इंजिन सुरू केलं. पहिली फेरी, दुसरी. तिसऱ्या फेरीला वेग वाढवला, कारंजं मोठं मोठं व्हायला लागलं, आणि माझे दोन्ही पाय रिकाम्या पत्र्यावर आपोआप दाबले गेले. विमान सरळ थांबलं. इंजिन बंद झाल्यावर देवधर म्हणाले, "दुसऱ्याच्या पायावर बसणं असं असतं, फडणीस साहेब." आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

मी उतरून आधी चाकांपाशी वाकलो. ब्रेक सुटतोय की चिकटतोय हे बघायची साधी रीत असते: दोन्ही डिस्कजवळ हात न्यायचा, ऊब सारखी हवी. माझ्या हातावर माझा तेवढा विश्वास राहिला नव्हता, म्हणून मी दोनदा पाहिलं. तेवढ्यात वहिनी आल्या आणि माझ्या शेजारी खाली बसल्या. उजवं मनगट त्यांचं अजून पुरतं वळत नाही, वळणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी डावा हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू आधी एका डिस्कजवळ नेली, मग वाकून दुसऱ्या. थोडा वेळ तशाच राहिल्या.

"दोन्हीकडे सारखं आहे," त्या म्हणाल्या. "ताप नाही."